कुमुदताईंची वाटणी

ईरा आणि निशांत,

गेल्या रविवारी ईराचा फोन आला तेव्हा मी तिला नीट उत्तर दिलं नाही, म्हणून हे पत्र. ईरा सांगत होती की तिचं अमेरिकेतलं कॉलेज इतकी वर्षं ज्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, फुटबॉल खेळलं ती सोडून दूरच्या, जास्त पैसेवाल्या कॉन्फरन्समध्ये जाणार आहे, आणि शेजारच्या गावातल्या कॉलेजाशी दर वर्षी होणारा सामना आता होणार नाही. मागून निशांत म्हणाला, "इट्स जस्ट टीव्ही मनी, आजी." मी म्हटलं, माझी पोळी तव्यावर आहे, आणि फोन ठेवला.

तव्यावर पोळी नव्हती. ज्या बाईने मला टीव्ही मनी म्हणजे काय ते शिकवलं ती गेल्या हिवाळ्यात गेली, आणि तिच्याशिवाय हा विषय फोनवर काढायला मला जमेना. कागदावर जमेल असं वाटतं. तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवेल. ती मधली वाक्यं गाळते असा माझा जुना अनुभव आहे, म्हणून पानांना क्रमांक घातले आहेत.

तिचं नाव कुमुद टिल्लू. सगळे कुमुदताई म्हणत, मीसुद्धा, जरी मी तिच्याहून आठ महिन्यांनी मोठी होते. ती मूळची सांगलीची. इकडे न्यूझीलंडला आल्यावर पोरिरुआतल्या एका औषधांच्या दुकानात तिने सत्तावीस वर्षं फार्मासिस्ट म्हणून काढली. बुटकी, कापलेल्या केसांची, आणि बारा महिने पायात जँडल्स, म्हणजे तुमच्या फ्लिप-फ्लॉप्स. हिवाळ्यात त्यांच्या आत मोजे. त्या मोज्यांचा अंगठा तिने घरच्या मशीनवर वेगळा शिवून घेतलेला असे. मी एकदा म्हटलं, "अहो, बूट घ्या की." ती म्हणाली, "मास्तरीणबाई, बूट पायाला सांगतात कसं चालायचं. मला कुणी सांगितलेलं आवडत नाही." मी इंग्रजीची शिक्षिका होते हे पहिल्या भेटीत कळल्यापासून मी तिची मास्तरीणबाई झाले. वीस वर्षं आम्ही एकमेकींना अहो-जाहो केलं आणि भांडलोसुद्धा अहो-जाहोतच.

तिची माझी ओळख झाली ती तुमच्या आजोबांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांमुळे. तिच्या काउंटरवर एक निळा प्लॅस्टिकचा ट्रे असे, एका बाजूला पन्हळ असलेला. ट्रेवर गोळ्या ओतायच्या आणि चपट्या पट्टीने पाच-पाचचे घोळके पन्हळीत सरकवायचे. सगळे फार्मासिस्ट असेच मोजतात. ही मात्र मराठीत मोजायची, आणि मोठ्याने. "पाच, दहा, पंधरा." रांगेतल्या एका सामोअन आजीला ते इतकं पाठ झालं होतं की ती मागून "वीस" म्हणून टाकायची, आणि कुमुदताई न बघता "थँक यू, डार्लिंग" म्हणायची. मोजून झालं की ट्रे दुसऱ्या फार्मासिस्टकडे जाई. एकाने मोजायचं, दुसऱ्याने तपासायचं, हा त्यांच्या धंद्याचा नियम. तिने तो आयुष्याला लावला होता. दाराला कुलूप लावलं तरी नवऱ्याला म्हणायची, "तपासा."

दुकानात मोजायचं यंत्र आलं तेव्हा ती निवृत्त झाली आणि ट्रे घरी घेऊन आली. मग त्या घरात जे काही वाटायचं ते त्या ट्रेवर. शेंगदाणे, बेदाणे, गणपतीतल्या खिरापतीचे खोबऱ्याचे तुकडे. आणि तिथे दुसरा नियम होता, सांगलीच्या तिच्या माहेरचा. पाच भावंडं होती. आई रोज वेगळ्याला वाटायला बसवायची, आणि जो वाटणी करेल त्याने आपला वाटा शेवटी उचलायचा. "त्यामुळे आम्हा पाचही जणांची नजर फार चांगली आहे," ती सांगे. "मिलिमीटरमध्ये."

आता फुटबॉल, म्हणजे तुमचा तो अमेरिकन. तिचा मुलगा अजय अमेरिकेत शिकायला होता आणि ती तीन महिने त्याच्याकडे राहून आली होती. तिथे शनिवारी सगळं गाव एका मैदानाकडे चाललेलं पाहून तिने विचारलं, "हे एवढे पैसे शेवटी जातात कुणाकडे?" अजयने टाळलं. तिने पुन्हा विचारलं. शेवटी त्याने वैतागून दहा-बारा पानं छापून हातात दिली. ती तिने औषधाच्या डब्यातल्या चिठ्ठीसारखी वाचली, बारीक अक्षरांसकट, आणि इकडे परत आली ती भक्त होऊनच. तिकडचे शनिवारचे सामने आपल्याकडे रविवारी सकाळी लागतात. मी एकदा दहाच्या सुमाराला गेले तर टीव्हीवर हेल्मेटवाले एकमेकांच्या अंगावर पडत होते, आवाज बंद होता, आणि ही लसूण सोलत बसली होती.

"तुम्हाला हा खेळ कळतो?" मी विचारलं.

"छे. खेळ कोण बघतंय? वाटणी बघते."

"ती दिसते कुठे?"

"बसा, दाखवते."

तिने ओट्यावर आठ वाट्या मांडल्या. "ही आठ कॉलेजं. यांची मिळून एक कॉन्फरन्स. एकमेकांशी खेळायचं आणि एकमेकांचं सांभाळायचं." मग तिने प्रत्येक वाटीत थोडे शेंगदाणे टाकले, कुठे मूठभर, कुठे चार. "ही तिकिटं. ज्याच्या मैदानावर सामना त्याचे पैसे बहुतेक त्याच्याकडेच. मैदान मोठं तर मूठ मोठी. त्यात कुणी बोलायचं नाही." मग बरणी उचलून तिने निळ्या ट्रेवर मोठा ढीग ओतला. "हा टीव्ही. टीव्हीवाला एकेका कॉलेजाचं दार वाजवत नाही. तो कॉन्फरन्सकडे येतो आणि सगळ्यांचे सामने घाऊक घेतो. मोसमाच्या शेवटी एखाद्या कॉलेजाला मोठ्या सामन्याचं बोलावणं येतं, त्याची बिदागीही बहुतेक याच ढिगात. गेलेल्याला प्रवासखर्च वेगळा." तिने दोन शेंगदाणे उचलून खाल्ले. "हा ऑफिसचा खर्च. आणि उरलेलं..." पट्टी हातात घेऊन तिने पाच-पाच करत आठही वाट्यांत सारखं वाटलं.

"हरलेल्यालाही तेवढंच?"

"तेवढंच. मास्तरीणबाई, जिंकायला समोर कुणीतरी हरणारा लागतो. त्यालाही बसचं भाडं असतंच की."

मग ती नववी वाटी घेऊन आली. नवं कॉलेज आत आलं तर पहिली काही वर्षं त्याला पुरता वाटा मिळत नाही. "नवी सून," कुमुदताई म्हणाली. "आधी रुळू दे." आणि कुणी सोडून निघालं तर? दंड भरायचा. काही ठिकाणी त्याहून कडक: कॉलेज गेलं तरी ठरल्या मुदतीपर्यंत त्याच्या मैदानावरच्या सामन्यांचे टीव्हीचे हक्क जुन्या कॉन्फरन्सकडेच. "म्हणजे घर सोडून जा बापडे, पण झाडाचे आंबे आमचे."

"मग आता भांडणं कशाची?" तुमच्या आजोबांमुळे मलाही पेपर वाचायची सवय होती.

तिचा चेहरा आंबट झाला. तिने पट्टीने चार वाट्यांतले शेंगदाणे काढून एका वाटीत लोटले. "आता म्हणतात, ज्याला लोक जास्त बघतात त्याला जास्त. नाही दिलं तर तो निघाला." पट्टी खाली ठेवून म्हणाली, "त्याचं अगदीच चूक आहे असंही नाही. ते जास्त वाईट."

हे सगळं शेंगदाण्यांवर राहिलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. पण तोवर कुमुदताईने आमची रविवार लीग काढली होती.

वेलिंग्टनच्या आसपासचे सहा मराठी संघ, अंडरआर्म क्रिकेट, बायका-पुरुष एकत्र, शाळेच्या हॉलमध्ये. बाहेर खेळता येत नाही, इथला वारा चेंडू फलंदाजाला देण्याआधी स्वतः खेळून घेतो. आमचा पोरिरुआचा संघ होता, बराचसा पन्नाशीपुढचा. सगळ्यांत लांबचा लेविनचा संघ, त्यात निम्म्या नर्सेस. त्यांची कप्तान शिल्पा रात्रपाळी करून गाडी हाकत यायची आणि पॅड बांधताबांधता झोपायची. सगळ्यांत जोरात शहरवाले, वेलिंग्टनच्या आयटी कंपन्यांतली पुण्या-मुंबईची पोरं. त्यांचा कप्तान मंदार. उंच, हसरा, प्रत्येक वाक्याला इथलं "हीप्स", म्हणजे खूप, आणि मस्त म्हणायला "स्वीट अ‍ॅज".

लीगची नियमावली कुमुदताईने अमेरिकेच्या त्या दहा-बारा पानांवरून बेतली. इंग्रजी मी तपासलं. वड्यांचा स्टॉल ज्याच्या हॉलमध्ये सामना त्याचा, म्हणजे तिकिटांसारखा. प्रायोजकांचे पैसे सगळ्यांचे. त्यातून हॉलचं भाडं, चेंडू आणि लांबून येणाऱ्यांचं पेट्रोल काढायचं, उरलेलं सहा ठिकाणी सारखं. नव्या संघाला दोन मोसम अर्धा वाटा. आणि नववं कलम: जो संघ लीग सोडेल त्याने पुढचा पूर्ण मोसम दर रविवारी उरलेल्या सगळ्या संघांना चहा पाजायचा. दूध, साखर, आलं त्यांचं. सहाही कप्तानांनी न वाचता सह्या केल्या. वाटणी ती करायची, तपासायची मी, एका वहीत.

चार-पाच मोसम झकास गेले. मग शहरवाल्यांनी कॅमेरे लावून सामने इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली, आणि तिकडे पुण्यात बसून आईवडील ते बघायला लागले. आईवडील बघतात म्हटल्यावर तिकडच्या एका मिठाईवाल्याने जाहिरात दिली, मग एका घरकर्जवाल्याने. ढीग वाढला. आणि कोणता सामना किती जण बघतात त्याचा आकडा पडद्यावर दिसतो. शहरवाल्यांच्या सामन्याला सगळं कोथरूड हजर. लेविनच्या सामन्याला शिल्पाची सासू, तीही सुनेचं काय चुकतं ते बघायला. हे शिल्पाचंच म्हणणं.

एका ऑगस्टमध्ये मंदारने सभा बोलावली. पोरिरुआच्या हॉलमध्ये हीटर लावून आम्ही बसलो. कुमुदताईच्या मांडीवर निळा ट्रे होता, त्यात चिवडा.

मंदार उभा राहिला. "ताई, राग मानू नका. पण लोक आम्हाला बघायला येतात. निम्मे पैसे आम्हाला मिळायला हवेत. ऑकलंडची मोठी लीग आम्हाला बोलावतेय. इथे जमलं नाही तर आम्ही तिकडे जाऊ."

शिल्पा म्हणाली, "निम्मे तुम्ही नेलेत तर आमचा संघ बंद. पेट्रोल सुटेल, पण आमच्याकडच्या हॉलचं डिपॉझिट कुठून भरू? आणि मंदार, रविवार सोडला तर मी मराठी फक्त फोनवर बोलते."

"मला कळतंय, शिल्पाताई. पण हे फेअर नाहीये."

"फेअर काय ते तू सांग," कुमुदताई म्हणाली.

मंदार जरा घुटमळला, मग बोलून गेला. "सारख्या वाटणीचा फायदा खरं तर पोरिरुआला होतो. तुम्ही तीन वर्षं तळाला आहात. आणि वाटणी तुम्हीच करता."

कुमुदताई चिवड्यातला कढीपत्ता वेगळा काढत राहिली. आता मी उत्तर द्यायला नको होतं. पण आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईला चुकीचं उत्तर तसंच सोडवत नाही. मी पिशवीतून वही काढली.

"मंदार, कुमुदताई पाच-पाचनेच मोजतात. पाच संघांचा प्रत्येकी वाटा पुढच्या पाचाच्या पटीपर्यंत वाढवतात. सहावा पोरिरुआ, त्याला उरेल ते. एकाही वर्षी पोरिरुआला तुमच्याएवढं मिळालेलं नाही. हे बघ."

त्याने वही बघितली. शेवटपर्यंत बघितली. कान लाल झाले त्याचे. "हे कुणाला माहीत होतं?"

"तपासणारीला," मी म्हटलं.

मला वाटलं होतं मी मैत्रिणीची बाजू राखली. गाडीत बसताना कुमुदताई म्हणाली, "तपासणाऱ्याने तपासायचं असतं, जाहिरात करायची नसते," आणि पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही.

मंदारला लाज वाटली, पण त्याच्या पोरांनी ऑकलंडला होकार देऊन टाकला होता. आठवड्याने तो सांगायला आला. कुमुदताईने शांतपणे ऐकलं आणि त्याच्यासमोर नियमावली ठेवली. "नववं कलम वाच."

त्याने वाचलं. "चहा?"

"खाली सही कुणाची आहे?"

"माझी." मग तो हसला. "स्वीट अ‍ॅज, ताई. चहाच ना."

पहिल्या रविवारी दोन पोरं केटल आणि टी-बॅगांचा डबा घेऊन आली. कुमुदताईने एक घोट घेतला आणि कप परत दिला. "हे पाणी आहे. याला वास आला म्हणजे चहा होत नाही." दुसऱ्या रविवारी मोठं पातेलं आलं, आलं आलं, आणि एकाच्या आईने पुण्याहून व्हिडिओवर देखरेख केली. त्यांनी कॉम्प्युटरवर पाळ्यांचा तक्ता केला, दूध कुणी, भांडी कुणी. शनिवारी विमानाने ऑकलंडला जायचं, तिथल्या मनुरेवाच्या मैदानावर खेळायचं, आणि रविवारी पोरिरुआत चहा. तिकडे त्यांचे सामने खूप जण बघत, पण खेळून झालं की जो तो आपल्या गाडीत. इकडे पातेल्याभोवती पाच संघ उभे. हळूहळू चहावाल्यांपैकी एक जण पंच झाला. लेविनला एक माणूस कमी पडला की दुसरा त्यांच्याकडून खेळायचा. शिल्पाच्या सासूने फोन करून विचारलं म्हणे, तो उंच मुलगा कोण, बरा खेळतो. तो मंदार होता.

इकडे लीगची तंगी झाली. शहरवाल्यांबरोबर मिठाईवाला गेला होता. त्या मोसमात सहावा वाटेकरी नसूनही प्रत्येकाला पूर्वीपेक्षा कमी मिळालं, आणि पोरिरुआला जे उरलं त्यात दोन चेंडू आले असते. मी वहीत मांडलं. कुमुदताई म्हणाली, "लिहा. खोडू नका."

मार्चमधला शेवटचा रविवार. मंदार तिच्या शेजारी येऊन बसला. मी वड्यांच्या टेबलापाशी होते, म्हणून ऐकू आलं.

"ताई, परत यायचं असेल तर?"

"अर्ज करायचा. चौथं कलम. नवीन सभासद, दोन मोसम अर्धा वाटा."

"आम्ही नवीन?"

"गेलेला माणूस परत येतो तो नवीनच असतो."

त्याने वड्यांच्या टेबलाकडे बघितलं. "अर्ध्या वाट्यात वडाही अर्धा का?"

"वडा पूर्ण. वडा माणसाला असतो, वाटा संघाला." मग तिने त्याच्याकडे वळून विचारलं, "ते कॅमेरे कुणाच्या पैशाने घेतले होतेत?"

"आमच्याच."

"इतकी वर्षं? सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, ताई."

कुमुदताईने जँडलमधला अंगठा हलवला. काही पटलं की ती तसं करायची. "मास्तरीणबाई," तिने हाक मारली, "लिहून घ्या. कॅमेऱ्यांचा खर्च आधी काढायचा. चेंडूंच्या वरच्या ओळीत." आणि मंदारला म्हणाली, "एवढं तुझं बरोबर होतं. बाकी सगळं चूक."

शहरवाले अर्ध्या वाट्यावर परत आले. दोन मोसम कुणी तक्रार केली नाही.

मी तिला शेवटचं नीट पाहिलं ते गेल्या वर्षी मार्चमध्ये. हृदय थकलं होतं, हॉलच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. अजय सुट्टीवर आला होता, त्याने गाडी दाराला अगदी लागून उभी केली होती. ती पुढच्या सीटवर, काच खाली, गुडघ्यांवर शाल, शालीवर निळा ट्रे. मोसमाची वाटणी होती. नोटा मी आणून दिल्या. तिने पट्टी हातात घेतली, पहिल्या पाच सरकवल्या, आणि पट्टी माझ्याकडे दिली.

"तुम्ही मोजा," ती म्हणाली. "मी तपासते."

मी खिडकीबाहेर उभी राहून तिच्या मांडीवर मोजलं, पाच, दहा, पंधरा. ती ओठ हलवत होती. एके ठिकाणी मी चुकले. तिने बोटाने दाखवलं. वारा इतका होता की मंदारला नोटांवर हात धरून उभं राहावं लागलं. झाल्यावर त्याने तिला चहा आणून दिला. तिने घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"साखर कमी आहे," ती म्हणाली, आणि कप संपवला.

ईरा, तुझ्या कॉलेजाने काय करावं हे मला सांगता येत नाही. त्यांचा ढीग फार मोठा आहे. निशांत, तू म्हणालास ते पैशांचंच आहे हे खरं आहे. मला तुम्हाला एवढंच कळवायचं होतं की आमचंही पैशांचंच होतं.

लीगमध्ये आज सहा संघ आहेत. लेविन तिसरं आलं. नववं कलम नियमावलीत तसंच आहे. शहरवाल्यांचा दंड केव्हाच फिटला, तरी रविवारचा चहा तेच करतात. निळा ट्रे अजयने मला दिला होता. तो मंदारने माझ्याकडून मागून नेला. या वर्षीची वाटणी त्याने केली आणि मी तपासली. शहरवाल्यांनी शेवटी उचललं.

तुमची,
आजी